गोरिवले सरांचा सडा

आमच्या स्टाफरूममध्ये महिपत गोरिवल्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते. माणूस वाईट नाही. उलट इतका चांगला आहे की त्याला मध्येच थांबवणं जिवावर येतं, म्हणून लोक आधीच दुसरीकडे बसतात. तुम्ही नुसतं म्हणालात की आज फार उकडतंय, तरी गोरिवले म्हणणार, "उकडणारच मॅडम, सडा तापलाय ना," आणि मग तुमची पुढची अर्धी दुपार गेली म्हणून समजा.

सडा म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या डोक्यावर पसरलेला जांभ्या दगडाचा उघडा माळ. काळा, खरबरीत, नजर पोचेल तिथपर्यंत. परगावच्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही, गोरिवल्यांना सगळं दिसतं. भाट्ये पूल ओलांडून वर चढलं की गोळपचा सडा लागतो, तिथे ते दर रविवारी जातात. पाऊस लागला की उगवणारी पांढरी दीपकाडी, भादव्यातली निळी सीतेची आसवं, कातळात कुणी आणि कधी कोरले ते कुणालाच नीट ठाऊक नसलेले मासे आणि माणसं, खालच्या वाडीतल्या विहिरींना पाणी कुठून येतं ते, असं सगळं त्यांना तिथे भेटतं. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव दीपकाडी ठेवायला निघाले होते. बायकोने 'दीपा'वर मिटवलं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे सडासर म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं आवडतंही.

ते भूगोल शिकवतात, पण तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर माणूस वर्षानुवर्षं त्याच फळ्यासमोर उभा असतो आणि दर जूनमध्ये त्याला नव्याने विचारावं लागतं, की साहेब, मी आहे का? मी इथे मराठी शिकवते, कायम आहे, लवकरच निवृत्त होईन आणि आता कुणाला भीत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

गेल्या वर्षी नव्या धोरणाप्रमाणे मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एक विषय निवडायची मुभा मिळाली. आता हे विषय कुणी तयार करायचे? ज्याचे तास कमी पडतात त्याने. भूगोलाला मुलं येईनाशी झाली होती, म्हणजे गोरिवल्यांनी. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "गोरिवले, तुमच्या विषयाला तीस मुलं आली, तर पुढच्या वर्षी तुम्ही आहात. नाही तर..." 'नाही तर'च्या पुढे त्यांनी चहा मागवला.

मग आमची कार्यशाळा झाली. विषय होता 'विद्यार्थीस्नेही अभ्यासक्रमाची रचना'. वाणिज्य विभागातले विनोद रसाळ असल्या कामांचे समन्वयक. तरुण, उत्साही, कायम गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा. त्याने खिडक्या बंद करून, पडदे ओढून, दिवसभर पडद्यावर अक्षरं दाखवत आम्हाला सांगितलं, की नुसती व्याख्यानं ऐकून विद्यार्थी कंटाळतात. जेवणानंतर संख्याशास्त्राचे आमचे सहकारी घोरत होते. गोरिवले मात्र पहिल्या बाकावर बसून सगळं टिपून घेत होते.

पहिला मसुदा त्यांनी मला दाखवला. शीर्षक होतं 'जांभा पठारांचे भूरूपशास्त्रीय व परिसंस्थात्मक अध्ययन'. मी मत द्यायची गरजच पडली नाही, कारण त्यांनी तो मसुदा दुसऱ्या वर्षातल्या नम्रता धनावडेला वाचायला दिला. ही आतल्या गावातून एसटीने येणारी, तोंडाची फटकळ पोरगी.

"सर," ती म्हणाली, "ह्ये नाव वाचेपर्यंत माजी यष्टी सुटंल."

दुसरा कुणी चिडला असता. गोरिवले वही घेऊन कँटीनमध्ये जाऊन बसले आणि येईल त्या मुलाला विचारू लागले, बाबा, तुला कसा विषय आवडेल? मुलांनी मन मोकळं केलं. परीक्षा नको. असली तर तोंडी. वर्गात बसवू नका, कुठेतरी न्या. आणि गौरी-गणपतीत गृहपाठ दिलात तर आम्ही नाव काढून घेऊ, हे सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. गोरिवल्यांनी सगळं मान्य केलं. सत्राचं वेळापत्रकच त्यांनी गणपती मध्ये धरून आखलं. सुट्टीत लिहायचं काही नाही. फक्त गावी गेल्यावर घरातल्या जुन्या माणसाला सड्याबद्दल एक गोष्ट विचारायची आणि परत आल्यावर वर्गात सांगायची. मी इतक्या वर्षांत इतका शहाणा गृहपाठ पाहिलेला नाही.

राहिलेलं काम रसाळने केलं. तो म्हणाला, "सर, भीतीदायक शब्द काढा. जांभा, पठार, भूरूप, परिसंस्था, सगळं काढा. मुलाला घरी बोलल्यासारखं वाटलं पाहिजे." दोघे आठवडाभर बसले आणि एकेक शब्द काढत गेले. शेवटी जे उरलं ते अगदी सोपं होतं. शीर्षक 'सडा'. पहिला घटक, सडा कसा होतो. मग सड्यावरचं पाणी, सड्यावरची फुलं, सड्यावरच्या आकृत्या, सडा आणि आपल्या घरातल्या बायका, म्हणजे गवत कापायला वर जाणाऱ्या. शेवटी, सडा टिकवायचा कसा. क्षेत्रभेटीला नाव होतं 'सड्यावर एक दिवस'. आणि वर प्रस्तावना गोरिवल्यांच्या हातची. 'सकाळी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की ते ज्याच्यावर पडतं तो सडा. आजीने तो पाहिला, आईने पाहिला. आपण मात्र बघायचं सोडून दिलं.'

वाचून मी त्यांना म्हटलं, असं मला लिहिता आलं नसतं. प्राचार्यांनी वाचलं, ग्रंथपालांनी वाचलं, दोन शिपायांनी वाचलं. सगळ्यांना आवडलं. आम्ही सगळे इथलेच. आमच्यापुढे सडा म्हटलं की कातळच उभा राहतो, दुसरं काही मनातही येत नाही. मोठ्या हौसेने तो मसुदा आम्ही अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या वरच्या समितीकडे पाठवून दिला.

मे महिन्यात समितीचं पत्र आलं. अभ्यासक्रम मंजूर, तोही कौतुकासह. लोप पावत चाललेल्या गृहपरंपरेचं इतकं हृद्य पुनरुज्जीवन समितीच्या पाहण्यात नव्हतं म्हणे. खाली तीन सूचना होत्या. 'सड्यावरच्या आकृत्या' या घटकात ठिपक्यांच्या रांगोळीचा स्पष्ट उल्लेख असावा. प्रात्यक्षिकासाठी देशी गाईचे शेण वापरावे. आणि शीर्षक अधिक आकर्षक करून 'सडा-रांगोळी: अंगणातील ज्ञानपरंपरा' असे करण्यात येत आहे.

गोरिवल्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे आले. चेहरा भाबडा.

"मॅडम, सड्यावर शेण कशाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समिती घाटावरची. तिकडे सडा म्हणजे सकाळी अंगणात शिंपडतात तो शेणपाण्याचा. आता पुन्हा वाचून बघा ते सगळं. सडा कसा होतो, सड्यावरचं पाणी, सड्यावरच्या आकृत्या, घरातल्या बायका. जन्मभर मी वर्गात श्लेष शिकवत आले, पण असा सहा घटकांचा, दोन क्रेडिटचा श्लेष मला सुचला नसता. मसुदा मीही वाचला होता आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. रत्नागिरीच्या कॉलेजातून सडा असा शब्द आला तर एकदा फोन करून विचारावं, इतकी अक्कल समितीला असायला हवी होती.

दुरुस्ती करा, म्हणून गोरिवले रसाळकडे गेले. रसाळचं तोंड एवढंसं झालं. दुरुस्ती म्हणजे नवा प्रस्ताव, आणि नवा प्रस्ताव म्हणजे पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी प्रस्ताव द्यायला गोरिवले कॉलेजात असतील का, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. प्राचार्य म्हणाले, "मंजूर झालंय ना? मग उकरून काढू नका." लगेच प्रवेशद्वारावर फलक लागला. वर कमळाची रांगोळी, खाली पितळी बादली आणि मध्ये गोरिवल्यांचा पासपोर्ट फोटो.

तीस मुलं येतील की नाही म्हणून ज्या माणसाची झोप उडाली होती, त्याच्या विषयाला दोन दिवसांत ऐंशी नावं आली. पुढची परत पाठवावी लागली. रांगोळी म्हणजे सोपा विषय, वर परीक्षा तोंडी, वर गणपतीत सुट्टी. अर्ज भरण्याच्या रांगेत क्रिकेटच्या संघातले सगळे मुलगे होते. नोकरी वाचली, असं मी म्हटलं, तर गोरिवले म्हणाले, "हो. पण कुणाची? भूगोलवाल्याची की रांगोळीवाल्याची?" हा माणूस टोमणाही मारू शकतो हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या तासाला मुली रांगोळीचे पुडे घेऊन आल्या होत्या. गोरिवल्यांनी सगळ्यांना दोन एसट्यांत भरून सरळ गोळपच्या सड्यावर नेलं. पाऊस नुकताच थांबला होता. "हा सडा," ते म्हणाले. "याचाच अभ्यास करायचाय. फसवल्यासारखं वाटत असेल तर आत्ताच सांगा." शहरातल्या काही पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. नम्रता मागून ओरडली, "आमाला म्हाईतच व्हतं सर! सडासर रांगोळी कसली शिकवतायत!" सगळे हसले, आणि हसता हसता तिथेच बसले.

सगळी मुलं त्या विषयाच्या प्रेमात पडली, असं मी लिहिणार नाही. काही जण सड्यावर जाऊन फक्त स्वतःचे फोटो काढत. क्रिकेटवाल्यांनी सपाट जागा बघून स्टंप रोवायचा प्रयत्न केला, आणि कातळात स्टंप जात नाही हे त्यांचं एकमेव संशोधन. पण गणपतीहून परत आल्यावर जो गोष्टींचा तास झाला, त्याला मी मुद्दाम जाऊन बसले. नम्रता उभी राहिली. तिच्या आजीने सांगितलं होतं, की वरच्या सड्यावर जांभ्याच्या चिऱ्यांची खाण सुरू झाली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वाडीतली विहीर आटली. "आमी समजत व्हतो देवीचा कोप झाला," ती म्हणाली. "सर, ह्यो कोप नव्हता. वरचं पान्याचं भांडंच फोडलं वो कुणीतरी." गोरिवले खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना रडू आलं होतं आणि मलाही आलं. नोकरीत असे तास फार थोडे येतात.

ऑक्टोबरात समिती पाहणीला आली. समिती म्हणजे एकट्या डॉ. श्रुती जगदाळे, घाटावरच्या, हसऱ्या, अदबीने बोलणाऱ्या बाई. गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपूनच त्या आल्या, सगळ्या समित्या तशाच येतात. प्राचार्यांनी कुठूनतरी शेण मिळवून पोर्चमध्ये फरशीवर सडा घालून ठेवला होता. त्यावरून घसरता घसरता बाई वाचल्या. पण त्यांनी अभ्यासक्रम नीट वाचलेला होता. त्या म्हणाल्या, "मला तुमचं ते 'सड्यावर एक दिवस' बघायचंय. ती कल्पना मला फार आवडली होती."

प्राचार्यांनी गोरिवल्यांकडे पाहिलं, गोरिवल्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "चला, मी पण येते."

गाडीतून उतरल्यावर बाईंनी चारी दिशांना पाहिलं. वाळलेलं पिवळं गवत, मध्येमध्ये काळा कातळ, लांबवर समुद्र. घर नाही, अंगण नाही.

"सर, सडा कुठे आहे?"

"मॅडम, तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात."

बाईंनी चटकन साडीच्या निऱ्या उचलल्या आणि दोन पावलं बाजूला झाल्या. बाजूलाही सडाच होता. त्या आणखी बाजूला झाल्या. मला हसू आवरेना, पण गोरिवले हसले नाहीत. त्यांनी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं, अगदी पत्रातल्या शेणापासून. मग कोरलेला मासा दाखवला, पाणी कुठे मुरतं ते दाखवलं. बाई खाली बसल्या, दगडावर हात फिरवला. बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या, आणि प्रश्न चांगले होते.

निघताना त्या म्हणाल्या, "सर, हे फार मोलाचं आहे. पण मी हे लिहू कसं? समितीत शेणाची सूचना माझीच होती." मग म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. तुमच्या विषयाला धक्का लागणार नाही. मी सांभाळून लिहिते."

त्यांनी शब्द पाळला. डिसेंबरात अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की सडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा व जुना आढळला. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त असून अभ्यासक्रम पुढेही चालू ठेवण्याची शिफारस करण्यात येत आहे. मात्र उन्हाचा त्रास लक्षात घेता यापुढे सडा महाविद्यालयाच्या आवारातच घालावा, विद्यार्थ्यांना बाहेर नेऊ नये. तसेच शिक्षकाने रांगोळीचे प्रात्यक्षिक स्वतः करून दाखवावे. फेब्रुवारीत समिती ते पाहण्यास येईल.

सांभाळून लिहिणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी भडकले. गोरिवल्यांना म्हटलं, "सोडा हे. राजीनामा तोंडावर फेका यांच्या."

"राजीनामा द्यायला नोकरी लागते मॅडम," ते म्हणाले. "मला फक्त जूनमध्ये बोलावणार नाहीत. मग जाऊ कुठे? मंडणगडला घरी जाऊन काय करू? भाऊ म्हणतो मुंबईला ये, कंपनीत चिकटवतो. दीपा आता नववीत आहे." मग हळूच म्हणाले, "आणि इथे राहिलो तर रविवारी तरी वर जाता येईल. मुंबईत सडा नाही हो."

राजीनाम्याची भाषा मला सोपी होती. मी कायम होते.

गेल्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर मी पोर्चमधून निघाले होते. गोरिवले फरशीवर उकिडवे बसले होते आणि समोर नम्रता, हातात रांगोळीचा डबा. ती त्यांना ठिपके शिकवत होती. चिमूट कशी धरायची, हात किती वर ठेवायचा. सरांचे ठिपके काही एका रेषेत येईनात. ज्या हाताने हा माणूस फळ्यावर न बघता अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा काढतो, तो हात चिमटीतल्या भुकटीशी झगडत होता. "आवो सर, जोडा आता," नम्रता म्हणाली. "ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापरेत."

गोरिवल्यांनी जोडायला सुरुवात केली. पहिली रेघ ठिपक्यांवरून गेली, दुसरीने ठिपके सोडून दिले. मग हात स्थिरावला. एकात एक अशा वाकड्यातिकड्या बंद रेषा ते काढत गेले, कडेला एकमेकींना चिकटलेल्या, मधे ऐसपैस. नम्रता बघतच राहिली. नकाशातल्या समान उंचीच्या अशा रेषा वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. कडेचा तो तीव्र उतार खाडीकडचा. मधला मोकळा भाग म्हणजे सपाटी. त्यांनी पोर्चमध्ये गोळपचा सडा घातला होता.

तेवढ्यात प्राचार्य केबिनला कुलूप लावून बाहेर आले. थांबले, मान तिरकी करून पाहिलं आणि खूश झाले.

"वा गोरिवले! कमळ अगदी छान जमलंय की."

गोरिवले उठून उभे राहिले. हाताची पांढरी भुकटी त्यांनी पँटला पुसली.

"हो सर," ते म्हणाले. "फेब्रुवारीपर्यंत अजून चांगलं जमेल."